बाई, एवढा जोर कशाला लावला?

बालमित्रांनो, मागच्या महिन्यात मला एकाने चांगलंच रागावलं. आणि तेही कोणी? मी ज्याला चौथीत शिकवलं, त्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने! चूक माझीच होती, त्यामुळे तुमच्यासारखीच मान खाली घालून ऐकून घ्यावं लागलं.

झालं असं. आमच्याकडे एक जुनी मोटार आहे. शनिवारची सकाळची शाळा करून घरी आले, तर गाडीखाली पाण्याचे थेंब. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबले आणि मग बॉनेट उघडलं. (गरम इंजिनाच्या पाण्याचं झाकण कधीही उघडायचं नसतं बरं का, उकळतं पाणी अंगावर उडतं!) इंजिनातलं पाणी जिथून रेडिएटरकडे जातं, तिथे एक छोटं झाकण दोन बोल्टांनी बसवलेलं असतं. पाणी त्याच्या कडेने झिरपत होतं. सोमवारी पहाटे आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी न्यायचं होतं. म्हटलं, बोल्ट ढिले झाले असतील, आवळले की झालं. घेतला पाना आणि लावला जोर.

पहिला बोल्ट फिरला, फिरला आणि फिरतच राहिला. घट्ट होईचना! बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चंदेरी तारेसारखे बारीक तुकडे अडकलेले. मी काय केलं असेल? नळाच्या तोटीला गुंडाळतात तो पांढरा टेप गुंडाळून बोल्ट पुन्हा आत घातला. दुसऱ्या बोल्टाला मात्र इरेला पेटून दोन्ही हातांनी आवळलं. 'कट्ट!' बोल्टाचं डोकं माझ्या पान्यात आणि उरलेलं अंग इंजिनात.

हे असं का झालं, ते कळायला एक गंमत करा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी बाजू पेन्सिलीला वळसे घालत वर चढते ना? तोच बोल्टाचा आटा! डोंगराला वळसे घेत जाणारा घाटरस्ताच म्हणा. रस्ता लांब पडतो, पण चढ सोपा होतो.

आता गणित. माझे बोल्ट ६ मिलिमीटर जाडीचे. असा बोल्ट एक पूर्ण फेरा फिरला की १ मिलिमीटर पुढे सरकतो. पाना १५ सेंटिमीटर लांब, म्हणजे त्याचं टोक तेवढ्यात ९४२ मिलिमीटरचं वर्तुळ फिरतं. (२ × ३.१४ × १५०, सहावी-सातवीची मुलं करून बघतील.) म्हणजे जोर ९४२ पट व्हायला हवा. तेवढा होत नाही, कारण सुमारे नऊ दशांश भाग घर्षणच खाऊन टाकतं. तरीही शंभरपटीच्या आसपास उरतोच. मी पान्यावर १० किलोचा जोर लावला असेल, तर त्या बिचाऱ्या करंगळीपेक्षा बारीक बोल्टावर एक टनाचा ताण आला! छोट्या मोटारीच्या वजनापेक्षाही जास्त.

एवढ्या ताणाखाली जे कच्चं असेल, ते आधी हार मानतं. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचा वरचा भाग, ज्याला मेकॅनिक 'हेड' म्हणतात, तो ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम मऊ, म्हणून पहिल्या ठिकाणी बोल्ट धडधाकट राहिला आणि भोकातले आटे सोलून निघाले. दुसरा बोल्ट गंजाने आतल्या आत खाल्ला गेला होता. दोन वेगळे धातू आणि त्यांत पाणी, म्हणजे गंजाला आमंत्रणच.

संध्याकाळी त्या विद्यार्थ्याला फोन केला. आयटीआय करून त्याने तालुक्याच्या रस्त्यावर छोटं गॅरेज टाकलंय. आल्याबरोबर त्याने पहिल्या बोल्टाचा पांढरा टेप बाहेर ओढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, एवढा जोर कशाला लावला? आणि हे काय, इंजिनाला मलमपट्टी?"

तुटलेला बोल्ट नेमका भोकाच्या तोंडाशीच तुटला होता. थोडा वर असता, तर पकडीत धरून फिरवता आला असता. त्याने त्यावर गंज सुटायचं तेल सोडलं आणि चक्क घरी निघाला! "अरे, सोमवारी जायचंय!" मी म्हटलं. "म्हणूनच घाई नको, बाई. चुकलं तर अख्खं हेड उतरवून वर्कशॉपला न्यावं लागेल. मग सोमवार काय, पुढचा सोमवारही जाईल." रात्रभर मला झोप नाही.

रविवारी सकाळी त्याने बोल्टाचं तुटकं तोंड कानशीने सपाट केलं. मग तो नुसता बघत बसला. कधी या बाजूने, कधी त्या बाजूने, हातात बारीक पंच. कशासाठी? वर्तुळाचा मध्यबिंदू शोधायला! ड्रिल जरा जरी कडेला गेलं, तर ते कडक पोलाद सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं आणि भोकाची वाट लागते. मध्य पक्का झाल्यावर त्याने पंचावर हातोडीचा एकच ठोका दिला. त्या खळगीत ड्रिलचं टोक बसलं.

पुढची युक्ती मला फार आवडली. त्याने गरम हवेच्या यंत्राने तो भाग तापवला. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. शंभर अंशांनी तापलं, तर त्या भोकात केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी जागा होते. अगदी एवढीशी, पण गंजाची पकड सैल करायला ती मदत करते. मग त्याने उलट्या पिळाचं ड्रिल लावलं. हे ड्रिल बोल्ट सुटायच्या दिशेनेच फिरतं. कुरकुर कुरकुर करत ते आत गेलं आणि एकदम बोल्टाचा तुकडा फिरू लागला, गोगलगायीसारखा हळूच बाहेर आला. मी तर टाळ्याच वाजवल्या!

"इझी-आउट म्हणतात ते का नाही वापरलंस?" मी कुठेतरी वाचलेलं ज्ञान पाजळलं. इझी-आउट म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून त्यात उलटा आवळायचा खिळा. तो म्हणाला, "त्याचं नाव सोपं, पण काम नाही. तो आत तुटला तर एवढा कडक असतो, की साधं ड्रिल त्याला कापत नाही."

राहिलं आटे गेलेलं भोक. त्याला जाड बोल्ट ठोकणारेही असतात, पण मग झाकणाचंही भोक मोठं करावं लागतं. याने हेलिकॉइल वापरलं. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची वळी, दिसायला स्प्रिंग. ही तार गोल नसते, तिचा छेद शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. बाहेरची धार भोकाच्या आट्यांत बसते आणि आतल्या बाजूला आपल्या मूळ बोल्टासाठी नवे आटे तयार होतात.

आधी ६.३ मिलिमीटरचं ड्रिल. आत पाण्याची वाट असते, म्हणून किती खोल जायचं त्याची खूण त्याने ड्रिलला चिकटपट्टी लावून केली होती. मग आटे पाडायचा टॅप, त्याला ग्रीस लावलेलं, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे का? कापलेला चुरा तुटावा म्हणून. हे "अर्धा पुढे, पाव मागे" तो पुटपुटत होता आणि मला चौथीच्या वर्गातला तो आठवला. अपूर्णांक आले की पोटात दुखायचं त्याच्या! मी तसं म्हटल्यावर हसला, म्हणाला, "बाई, तेव्हा फळ्यावर होते. आता हातात आहेत."

वळी भोकापेक्षा किंचित मोठी असते. ती आवळून आत फिरवली की स्प्रिंगसारखी फुलून भोकाला घट्ट धरते. तळाशी तिची छोटी दांडी असते, ती मोडून चिमट्याने बाहेर काढायची. नवे पोलादी आटे मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतात. विमानांच्या इंजिनात तर अशी वळी इंजिन नवं असतानाच बसवतात!

नवं गॅस्केट, नवे बोल्ट लागले. शेवटचं आवळणं त्याने मला करायला लावलं. छोटा पाना, नुसत्या दोन बोटांनी. "अजून थोडं?" मी विचारलं. "बस्स, बाई!" त्याने पानाच काढून घेतला.

सोमवारी पहाटे गाडीखालची फरशी कोरडी होती. आईचं ऑपरेशन नीट झालं.

तो तुटका बोल्ट आता माझ्या वर्गातल्या टेबलावर असतो. तुम्हीही घरातला एखादा जुना बोल्ट घ्या. त्याचे दहा आटे पट्टीने मोजा आणि त्याला दहाने भागा. एका फेऱ्यात तो किती पुढे सरकतो, ते मला पोस्टकार्डावर कळवा.