उतार पायांना कळतो



सदुसष्टाव्या वर्षी मी जाड टायरची, गिअरची सायकल घेतली, तेव्हा घरचे म्हणाले, "आता हाडे मोडून घ्यायचीत का?" एकदा पडलोही; गुडघा सोलला. तरी रविवारी पहाटे लालबागमार्गे कुंडी भंडाऱ्याकडे जातोच. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, बुऱ्हाणपुरात आणले गेले. धड्यातला तो उतार गाडीत बसून कळत नाही. पायडल मारणाऱ्या पायांना कळतो.

माझ्या वयाचे कौतुक नको. फ्रान्सच्या रॉबर्ट मार्शां यांनी २०१७ साली, १०५ व्या वर्षी, तासाभरात साडेबावीस किलोमीटर सायकल चालवली! खंत एवढीच, की त्या वाटेवर आपल्या शाळेचे एकही मूल भेटत नाही.

पालकांची भीती खरी आहे; रस्त्यावर वाहने फार वाढली. पण भीतीवर उपाय सोबत हाच, घरी बसवणे नव्हे. विश्वस्तांना विनंती : महिन्यातून एका रविवारी, हेल्मेट घालून, शिक्षकांसोबत मुलांना सायकलवर न्यावे. आम्ही आजोबामंडळी मागेपुढे राहू. पंक्चर काढायचे सामान मी आणीन.