चांदी फुकट, हात फुकट?

बिदरला जाऊन कारागिराच्या तोंडावर "पाचशेला देता का, नाहीतर राहू द्या" म्हणणारे आपले नांदेड-लातूरचे लोक बघितले की लाज वाटते. स्पष्टच लिहायलोय. राग आला तर येऊ द्या.

झिऱ्याचं दर्शन झालं, किल्ला झाला, की जाता जाता पाच मिनिटं चौबाऱ्याकडे. काळीभोर डबी, तिच्यावर चांदीची वेलबुट्टी. किंमत ऐकली की सुरू, "एवढ्याशा डबीला एवढे?" अहो, त्या डबीत काय आहे ते तरी विचारा की. जस्त आणि थोडं तांबं वितळवून साच्यात ओततात, मग कानशीने घासतात. हातानं नक्षी कोरतात. त्या कोरलेल्या खाचेत चांदीची तार हातोडीनं ठोकून बसवतात, केसाएवढी फट राहिली तरी ती उचकटते. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांचा लेप चोळला की जस्त काळं पडतं, चांदी मात्र तशीच लखलखते. बाजारात चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली हे आपल्याला बरोबर ठाऊक असतं, पण ती बिदरीत शिरली की फुकट होते!

आणि हेच लोक मल्टिप्लेक्समध्ये मक्याच्या लाह्यांना सांगतील तेवढे पैसे देतात, मुकाट्यानं. दुबईहून आणलेला चुंबकाचा प्लॅस्टिकचा उंट फ्रिजवर मिरवतात. तिथं घासाघीस नाही. कारण तिथं समोर घामेजलेला माणूस नसतो, बारकोड असतो.

परवडत नाही, हे मला मान्य आहे. घेऊ नका, नुसतं बघून या, कारागीर चहा पाजेल. न घेण्यात अपमान नाही, अर्ध्या भावात मागण्यात आहे. दुकानदारच चढवून सांगतात, असंही कोणी म्हणेल. सांगत असतील. मग हातोडीचा आवाज येतो त्या गल्लीत शिरा, करणाऱ्याच्या हातात पैसे द्या. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ ला शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री. सत्काराला टाळ्या आपण वाजवल्याच असतील, दाम देताना हात आखडतो.

बरं, हे कोणी परके नाहीत. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. दुसऱ्या बाजूला नांदेडवरून भोकर-भैंशाचा रस्ता धरला की निर्मल, लाकडी खेळण्यांचं गाव. बासरला लेकराच्या हाती पाटी द्यायला दरवर्षी किती कुटुंबं जातात! पण त्याच लेकरासाठी निर्मलचं एक लाकडी फळ आणलेलं मी क्वचितच बघितलंय. देवळाबाहेरची बॅटरीवाली गाडी मात्र हमखास येते, आठ दिवसांत बंद पडायला.

आता उलटं बघा. सचखंड हुजूर साहिबला देशभरातून, परदेशातून माणसं येतात. परत जाताना नांदेडचं म्हणून हाती काय नेतात? तिरंग्याची खादी आपल्या उदगीरला विणली जाते, झेंडे नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तयार करते. देशात मोजक्या ठिकाणी होणारं काम! ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली, पॉलिस्टरचे आणि यंत्रावरचे झेंडे चालू झाले, तेव्हा या विणकरांचं काय होणार म्हणून आपल्यापैकी किती जण बोललो? रेल्वेची 'एक स्थानक, एक उत्पादन' योजना २०२२ पासून आहे. टेबलावर ठेवायचा हातविणीचा छोटा तिरंगा नांदेड स्थानकावर, गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर ठळक दिसेल असा ठेवा, कोण विणलं आणि कुठं विणलं हे त्यावर मराठी, पंजाबी, हिंदीत छापा. खासदार साहेब, विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचं कार्यालय नांदेडातच आहे, पत्राला तिकीटसुद्धा लागणार नाही.