‘खोलीत काय, फक्त झोपायचंच तर आहे!’

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं तो नक्की धडधाकट, तिशी-चाळिशीतला आणि पुरुष असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. साठीपुढची बाई हे वाक्य बोलणार नाही. कडेवर तीन वर्षांचं मूल असलेली आई तर नाहीच नाही.

निमित्त असं की माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर मुंबई सहलीचा बेत टाकला आहे. आई-वडील, तो, त्याची बायको आणि दोन मुलं अशी सहा माणसं, तीन रात्री. पाहायचं काय, तर गेटवे, घारापुरी, म्युझियम, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह. आणि उतरायचं कुठे, तर कल्याणच्याही पुढे, स्टेशनपासून रिक्षाने जावं लागेल अशा एका लॉजवर! कारण काय, तर ‘आत्या, तिथे निम्म्या पैशात खोली मिळते. आणि खोलीत काय, फक्त झोपायचंच तर आहे!’

ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवून झाले. मी दाखवला नाही. का दाखवला नाही ते तिथे चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहिते आहे. नातेवाईक मंडळींनी वाचावं, रागावू नये.

आधी हिशोबच करू. मी भाषेची मास्तरीण असले तरी घरखर्चाची वही पन्नास वर्षं लिहिते आहे. धरून चालू की लांबची खोली १६०० रुपयांना आहे आणि शहरातली २६०० ला. माणसं सहा, म्हणजे खोल्या दोन. लांबचे रोजचे ३२००, जवळचे ५२००. फरक २००० रुपये. भाचा इथपर्यंत येऊन थांबला आणि त्याने वही मिटली. खरा खर्च त्याच्या पुढच्या पानावर आहे.

रिक्षात माणसं तीनच बसतात, तेव्हा सहा जणांना रिक्षा दोन. जायला दोन, यायला दोन. फेरीचे साठ धरले तर २४०. लोकलची तिकिटं येऊन-जाऊन दोनशेच्या घरात. दुपारी मुलं पेंगायला लागली, वडिलांचे पाय दुखायला लागले, की जायचं कुठे? खोली तर पन्नासहून अधिक किलोमीटर लांब. मग एखाद्या हॉटेलात शिरायचं आणि नुसतं टेकायला मिळावं म्हणून भूक नसताना डोसे मागवायचे. त्याचे पाच-साडेपाचशे. झाले की हजार! दोन हजारांच्या बचतीतले एक हजार असे गेले. एखाद्या संध्याकाळी सगळे इतके दमले की लोकल नको, गाडीच करू या असं ठरलं, तर उरलेले हजारही त्या एका फेरीत जातात.

बरं, ती वेळ आलीच नाही असं समजू. म्हणजे खरी बचत रोजची एक हजार. माणशी पावणेदोनशे रुपयेसुद्धा नाहीत. आणि त्यापायी द्यायचं काय? कल्याणहून सीएसएमटीला जलद लोकललाही तासाभराहून जास्त लागतो. त्यात रिक्षा, तिकिटाची रांग, गाडीची वाट आणि उतरल्यावर पुढे गेटवेपर्यंतचा प्रवास मिळवा. एका बाजूचे दोन तास सहज होतात. शहरात राहणाऱ्याच्या तुलनेत रोज साडेतीन तास जास्त. सहा माणसांचे मिळून एकवीस तास! आयुष्यात एकदा आई-वडिलांना मुंबई दाखवायला न्यायचं आणि त्यांचा दिवस असा फलाटावर घालवायचा, याला मी काटकसर म्हणणार नाही.

आणि हे तास कोणते, तेही बघा. मुंबईची गर्दी सकाळी दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी उत्तरेकडे. कल्याणला उतरलेला पाहुणा सकाळी नोकरदारांबरोबर आत येतो आणि संध्याकाळी त्यांच्याचबरोबर बाहेर पडतो. म्हणजे दोन्ही वेळा तो पुराच्या धारेत. स्टेशनवर गाडी अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही, आणि तेवढ्यात सत्तरीचे आजोबा, गुडघेदुखीची आजी आणि दोन पोरं चढवायची! बायका बायकांच्या डब्यात, पुरुष दुसऱ्या डब्यात, आणि कोण कुठे उतरलं याची फोनाफोनी. याउलट जो फोर्टात किंवा गिरगावात राहतो त्याला बोरिवलीच्या नॅशनल पार्कला किंवा कान्हेरीला जायचं झालं, तर तो सकाळी गर्दीच्या उलट दिशेने जातो. निवांत बसून जातो. मुक्कामाची जागा बदलली की तीच लोकल वेगळी वाटू लागते.

आता एक गोष्ट लिहिते, जी पुरुष मंडळींच्या बेतात कधीच नसते. मी नोकरीत असताना मुलींच्या सहली अनेकदा नेल्या. सकाळी निघताना भरलेल्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी तशाच भरलेल्या परत यायच्या. ऊन रणरणतं आहे, ओठ सुकलेत, पण मुली पाणी प्यायच्या नाहीत. का ते प्रत्येक बाईला कळेल. पुढे ‘जायला’ जागा मिळेल की नाही याची खात्री नसते! त्याच मुली आज चाळिशीच्या झाल्या, सासूला आणि मुलांना घेऊन शहरं बघायला निघतात, आणि अजूनही तसंच तोंड कोरडं ठेवून फिरतात. जवळ खोली असणं म्हणजे पोटभर पाणी पिण्याची मुभा असणं. हे कुठल्या भाडेपत्रकात लिहिलेलं नसतं.

खोलीत फक्त झोपायचं नसतं. दुपारी दीड तास पाठ टेकायची असते. बीपीची गोळी घ्यायची असते. पोराने कपडे भिजवले तर बदलायचे असतात. आणि महत्त्वाचं म्हणजे कुणा एकाला ‘मी नाही येत आता, तुम्ही जा’ असं म्हणता यायला हवं. खोली लांब असली की ही सोय संपते. एक दमला की सहाही परत, नाहीतर दमलेल्याने तोंडातून शब्द न काढता फरफटत जायचं. आपल्याकडे बहुतेक दुसरंच होतं. स्वस्त खोलीचा फरक आजी आपल्या गुडघ्यांनी भरते आणि वहीत मात्र बचत लिहिली जाते. माझा खरा राग यावर आहे.

जवळ असलं की हाच प्रश्न किती सोपा होतो पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये झालं. म्युझियममध्ये दमलेल्या आजी-आजोबांना काही मिनिटांत आणि थोडक्या पैशात खोलीवर पोचवता येतं. बाकीचे खुशाल संध्याकाळपर्यंत फिरोत.

पूर्वीच्या लोकांना हे कळत होतं. लोकमान्य मुंबईला आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० ला त्यांचं निधन झालं तेही तिथेच. सरदारगृह म्हणजे लॉजच, आणि बोरीबंदरपासून चालत जाण्याच्या अंतरावर! कोर्टाच्या, व्यापाराच्या कामासाठी आलेला माणूसही काळबादेवीला नाहीतर गिरगावात उतरायचा आणि जवळच्या खानावळीत जेवायचा. त्या लोकांना पैशाची चणचण आपल्यापेक्षा जास्तच होती.

आता भाच्याची बाजूही घेते, नाहीतर म्हणेल आत्याने एकतर्फी निकाल दिला. ‘जवळ’ म्हणजे समुद्रासमोरची खोली असं मी म्हणत नाही. तसली खोली आपल्यासाठी नाही. पण मागच्या गल्ल्यांत, गिरगाव, काळबादेवी, ग्रँट रोड, दादर या भागांत साधी लॉज आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, आणि या चारही ठिकाणी तिचं स्टेशन आहे. दादरला राहिलं तरी हुतात्मा चौकात जमिनीखालून, धक्काबुक्की न करता पोचता येतं. म्हणजे ‘जवळ’चा अर्थ किलोमीटरवर मोजायचं कारण उरलेलं नाही. स्टेशनपर्यंत चालत जाता येतं का आणि गाडी न बदलता पोचता येतं का, एवढं बघावं. पक्कं तिकीट असेल तर मोठ्या स्टेशनांवरच्या रेल्वेच्या रिटायरिंग रूमही मिळतात, त्याचीही चौकशी करावी.

कुणाचं सगळं बघायचं ठाणे-बोरिवलीकडेच असेल तर त्याने खुशाल तिकडे राहावं. डोंबिवलीला बहीण असेल आणि ती प्रेमाने बोलावत असेल तर जरूर जावं. पण तिच्यासाठी जावं, चार दिवस राहावं. लॉजचं भाडं वाचवायला बहिणीकडे जाऊन तिला पहाटे पाचला डबे करायला लावू नये!

आणि एक सावधगिरी. लॉजच्या नावात ‘मुंबई’ असलं म्हणून पत्ता मुंबईचा असतोच असं नाही. फोन करून विचारावं: लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर, कमोड आहे का, सकाळी लवकर पोचलो तर सामान ठेवून घेणार का. आपली महालक्ष्मी सकाळी पोचवते आणि खोली कदाचित दुपारी मिळेल, तेव्हा हा प्रश्न विसरू नये. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ या उत्तरावर मुळीच विश्वास ठेवू नये. लॉजवाल्याची पाच मिनिटं आणि आजोबांची पाच मिनिटं यांत बराच फरक असतो. नकाशावर आपण स्वतः बघावं. आणि वारही बघावेत. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राणीची बाग बुधवारी.

‘पण आत्या, एवढं बजेटच नाही’ असं भाचा म्हणेल. खरं आहे, पैसा झाडाला लागत नाही. मग एक रात्र कमी कर. लांबच्या तीन रात्रींचे ९६०० आणि वरचे रोजचे हजार धरून तीन हजार, असे १२,६०० होतात. जवळच्या दोन रात्रींचे होतात १०,४००. म्हणजे बावीसशे रुपये वाचले! राणीची बाग राहिली तर राहू दे, पुढच्या वेळी बघू. पण जे बघू ते ताज्या डोळ्यांनी बघू. घारापुरीची बोट तासभर घेते आणि वर पायऱ्या चढायच्या असतात. ते सकाळी ऊन चढायच्या आत करायचं तर गेटवेला नऊच्या आसपास पोचायला हवं. कल्याणपलीकडून ते साधायचं म्हणजे मुलांना पहाटे साडेपाचला उठवायचं. याला सुट्टी म्हणतात का?

तर सांगायचा मुद्दा असा. सहलीचा बेत करताना सर्वांत धडधाकट माणसाने हिशोब करू नये. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला समोर बसवून करावा. खोली किती स्वस्त, हा प्रश्न नंतर. दुपारी दोन वाजता आजीला झोप आली तर ती कुठे झोपेल, हा प्रश्न आधी. त्याचं उत्तर ज्या बेतात नाही तो बेत स्वस्त असला तरी अर्धवट आहे, आणि अर्धवट पेपराला मी कधीच पूर्ण गुण दिले नाहीत.

भाच्या, नवीन बेत टाक. अंगठा तयार ठेवला आहे.