"स्पॅनिश शिकून का करशीन?"

यंदा आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने सीयूईटीच्या अर्जात पहिली पसंती म्हणून बीए ऑनर्स स्पॅनिश लिहिलं आणि पुसदात चार दिवस तोच विषय झाला. बाप बाजार समितीत हमाल. तो काही बोलला नाही. बोलले ते शिकलेले. मार्गदर्शन शिबिरात एका गुरुजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, स्पॅनिश शिकून का करशीन? डीएड कर, नाहीतर भरतीची तयारी कर." पोरं हसली. आम्हीही तिथेच बसलो होतो आणि त्या क्षणी आमच्याकडूनही उत्तर गेलं नाही, हे आधी कबूल करतो. म्हणून आज लिहितो आहोत.

"काय उपयोग?" हा प्रश्न साधा वाटतो. तो पुण्या-मुंबईच्या इंटरनॅशनल शाळेतल्या मुलाला कोणी विचारत नाही. तो आठवीपासून स्पॅनिश शिकतो, तेव्हा त्याला 'एक्स्पोजर' म्हणतात. आमची मुलगी तेच मागते तेव्हा ती चैन ठरते. कोणी कोणती भाषा शिकायची हे या देशात नेहमी जातीने ठरवलं आहे. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायची होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. पुढे १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ लिहिताना त्यांना प्रस्तावनेत सांगावं लागलं की संस्कृतवर आपण प्रभुत्वाचा दावा करत नाही, इंग्रजी भाषांतरांच्या आधाराने आपण हा अभ्यास केला आहे. शाळेत बंद केलेलं दार असं चाळीस वर्षांनीही आडवं येतं. आणि त्याच बाबासाहेबांनी जर्मन शिकून १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. 'काय उपयोग' असं विचारत बसले असते तर?

नोकरीचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सोपं आहे. ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. पुणे, बंगळूर, गुरगावच्या कंपन्या ती येणाऱ्याला जास्त पगार देतात. दिल्लीच्या जेएनयूत आणि हैदराबादच्या इफ्लूत तिची पदवी मिळते, आणि हैदराबाद आपल्याला नांदेडहून एका रात्रीचं आहे. पहिल्या वर्षी तिथे मुळाक्षरांपासून सुरुवात होते. इंग्रजी आणि संस्कृतमध्ये समोरचा दोन-तीन पिढ्या पुढे असतो, इथे तेवढं अंतर नाही. पण पगाराच्या उत्तरावर थांबलो तर आम्हीही त्या गुरुजींच्याच रांगेत बसलो.

खरं कारण वेगळं आहे. इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्द आला कुठून? पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधल्या 'कास्ता' या शब्दातून. ज्या शब्दाने जग आमची गुलामगिरी ओळखतं, तो आयबेरियातून आलेला आहे. १४४९ साली तोलेदो शहरात नियम झाला की ज्यूंमधून ख्रिस्ती झालेल्यांना शहरातली पदं मिळणार नाहीत. धर्म बदलला तरी रक्त बदलत नाही, असा त्यामागचा दावा. या विचाराला स्पॅनिशमध्ये 'लिम्पिएसा दे सांग्रे' म्हणतात, म्हणजे रक्ताची शुद्धता. धर्मांतरानंतरही जात विचारली जाते हे १९५६ नंतर आम्हाला कोणी वेगळं शिकवायला नको! पुढे मेक्सिकोत अठराव्या शतकात चित्रमालिका रंगवल्या गेल्या. बहुधा सोळा चौकटी, प्रत्येकीत आई, बाप, मूल आणि खाली त्या मुलाच्या 'कास्ता'चं नाव. स्पॅनिश बाप आणि मूलनिवासी आई, मूल मेस्तिसो. अशी उतरंड. ती म्हणजे आपली जातव्यवस्था नव्हे. तिच्यामागे मनुस्मृती नव्हती आणि लग्नबंदी इतकी पोलादी नव्हती. पण साम्य कुठे आणि फरक कुठे, हे ठरवायला मूळ कागद वाचणारा आपला माणूस नको का?

पेरूचा होसे कार्लोस मारियातेगी घ्या. गरीब घरातला, शाळा अर्धवट सुटलेली, विद्यापीठाचं तोंड विद्यार्थी म्हणून पाहिलं नाही, पुढे एक पाय कापावा लागला, पस्तीसाव्या वर्षी, १९३० मध्ये गेला. १९२८ साली पेरूच्या वास्तवावर त्याने सात निबंधांचं पुस्तक लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं की मूलनिवासींचा प्रश्न शाळा काढून, उपदेश करून किंवा दया दाखवून सुटणार नाही, कारण त्याचं मूळ जमिनीच्या मालकीत आहे. त्याच १९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आजही किती कार्यकर्त्यांना आहे? १९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून आलं, कारण ती बातमी इंग्रजीत होती. इंग्रजीत जे येतं तेवढंच आमचं जग. ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचूचं आत्मकथन १९८३ चं, आपलं 'बलुतं' १९७८ चं. दोन्ही शेजारी ठेवून मराठीत लिहायला स्पॅनिश येणारी आपली मुलगी लागेल.

उलट बाजूही पाहा. टागोर स्पॅनिशमध्ये १९१५ पासून पोचले, झेनोबिया काम्प्रुबी आणि तिचा कवी नवरा हुआन रामोन हिमेनेथ यांच्यामुळे. नंतर ओक्ताव्हियो पाझ सहा वर्षं दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते, त्यांनी भारतावर पुस्तक लिहिलं. म्हणजे स्पॅनिश वाचकाला भारत कळला तो कवींच्या आणि राजदूतांच्या खिडकीतून. २००१ साली दर्बानच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न नेणाऱ्या आपल्या लोकांना लॅटिन अमेरिकेतल्या प्रतिनिधींशी दुभाष्यामार्फतच बोलावं लागणार होतं. दुभाष्या आपला का नसावा?

आता सरकारकडे वळू. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. म्हणजे आमच्या मुलीने उद्या 'कास्ता' आणि जात यांची तुलना करायची म्हटली तर या दारावर कुलूप. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती जागतिक क्रमवारी पाहते. स्पॅनिशचं जुनं पीठ सालामांका. १२१८ सालचं विद्यापीठ, याच शहरात १४९२ मध्ये नेब्रिखाचं पहिलं स्पॅनिश व्याकरण छापलं गेलं. ते या क्रमवारीच्या अटीत बसत नाही. भाषेच्या विद्यार्थ्याला ही फूटपट्टी कोणत्या शहाण्याने लावली? शाहू महाराजांनी तरुण भीमरावांना मदत करताना कोणाची क्रमवारी पाहिली नव्हती.

आणि आपलं पुसद. वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन मुख्यमंत्री या मातीने दिले. अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्येच आलं. पण परकीय भाषेची पदवी इथे कुठे मिळत नाही, रेल्वेची वाट तर किती वर्षं पाहतो आहोत. अमरावती विद्यापीठाने निदान प्रमाणपत्राचा वर्ग तालुक्याच्या ठिकाणी द्यावा, शिक्षक ऑनलाइन असला तरी चालेल. १४ एप्रिलच्या डीजेवर आपल्या वस्त्या जेवढा खर्च करतात, त्याच्या एका हिश्श्यात एका मुलीचं दिल्लीचं पहिलं सत्र निघतं. हे बोललं की आपलेच लोक रागावतात. रागवा.

त्या मुलीचा निकाल यायचा आहे. यादीत नाव लागलं तर दिल्लीचं तिकीट, गादी, स्वेटर आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांची मेस एवढा खर्च अभ्यासिकेने उचलायचा असं ठरलं आहे. वही विहाराच्या कपाटात ठेवली आहे, ज्याला नाव लिहायचं त्याने संध्याकाळी सातनंतर यावं. गुरुजींनाही निरोप दिला आहे.