रोज्याला ओव्हरटाइम नाही

भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला जाणारी लाँच दिवसाचे काही तास धावतच नाही. मोऱ्याच्या धक्क्यालगत गाळ साचला आहे. मोठ्या ओहोटीला पाणी इतके उतरते की लाँच लागू शकत नाही. अमुक ते अमुक वेळेत फेऱ्या बंद, असे जाहीर होते आणि माणसे त्याप्रमाणे आपला दिवस बेततात.

रमजानच्या सुरुवातीला ही बंदी नेमकी नको त्या वेळी येते. चाँद दिसतो अमावास्येनंतर, म्हणजे ऐन उधाणाच्या दिवसांत. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या पुढेमागे आणि ओहोटी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. मुंबईतले काम आटोपून इफ्तारसाठी घर गाठू पाहणाऱ्याला नेमके तेव्हाच मोऱ्याला पाणी नसते. चार खजूर जवळ ठेवावेत आणि वाटेतच रोजा सोडावा, एवढेच हाती उरते. पुढे ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी सरकते आणि आठवडाभरात संध्याकाळी भरती येते. कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता. रमजानची तारीख आणि ही तिथी एक-दोन दिवसांच्या फरकाने सोबतच चालतात. एकच चंद्र दोघांचे कामकाज ठरवतो.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. आता ओहोटीवाचून कुणाचे अडत नाही, ही चांगलीच गोष्ट. पण वाचलेला वेळ घरी किती आला, हा प्रश्न विचारायला हवा. २०२३ मध्ये एका बड्या उद्योजकाने तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्याने ९० चा आकडा काढला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. तेव्हा एक दिवस मोकळा करून घेण्यासाठी झगडावे लागले, आता उरलेल्या तासांवर डोळा आहे.

रोज्याचा नियम इथे मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सूर्य मावळला की रोजा संपला. आणखी अर्धा तास उपाशी राहिल्याने सवाब वाढत नाही. उलट वेळ झाली की विनाविलंब रोजा सोडणे हीच पैगंबरांची शिकवण. सहरीही टाळू नये, असेच सांगितले आहे. आजारी आणि प्रवासी माणसाने रोजे नंतर भरून काढावेत, ही मुभा खुद्द कुरआनात आहे. म्हणजे निष्ठेची परीक्षा घेणाऱ्या महिन्यातही माणसाच्या ताकदीची हद्द आधीच धरलेली आहे.

आपण मात्र या महिन्यातही हिशेबाची वही काढतो. कुणाचे किती पारे झाले, कुणाच्या किती तरावीह चुकल्या. (व्हॉट्सअ‍ॅपवरच्या इफ्तारच्या ताटांची स्पर्धा वेगळीच.)

मर्यादा मान्य करायच्या म्हणजे सगळेच निमूट सोसायचे, असे नाही. ओहोटी चंद्राची आहे, गाळ मात्र वेळेवर काढता येतो. रो-रोसाठीच्या जेट्टीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, त्याला कुठली तिथी जबाबदार धरणार? तसेच बारा तासांच्या पाळीचे. ती कागदावर माणसांनीच लिहिली आहे, तेव्हा खोडताही येते.

आणि एक गाळ घरातला. रोजेदार बाईचा दिवस सहरीच्या आधी सुरू होतो. मगरिबची अजान होते तेव्हा ती बहुधा कढईपाशी उभी असते, भज्यांचा शेवटचा घाणा काढत. तिच्या कामाला ना पाळी, ना ओव्हरटाइमचा भत्ता. दस्तरखानावरचे दोन पदार्थ कमी झाले, फळे कापायला घरचे पुरुष बसले, तर अजानच्या दहा मिनिटे आधी तीही हात धुऊन सगळ्यांबरोबर बसू शकेल. त्यासाठी मंत्रिमंडळाच्या मंजुरीची गरज नाही.