अडत्याच्या ओट्यावरचे दुकान

यंदा वाणिज्य मंडळाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी आम्हां विद्यार्थ्यांना एक सोपा मंत्र दिला. एखादे उपयोगी ॲप तयार करा, ते मोबाइलच्या ॲप-बाजारात मांडा, महिन्याची वर्गणी लावा; मग तुम्ही गुंदला असा की गोव्याला, गिऱ्हाईक जगभरातून चालत येईल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. (टाळ्यांच्या बाबतीत आपले महाविद्यालय कधीच हात आखडता घेत नाही.) पण संध्याकाळच्या बसने घरी निघालो, दांडेली मागे पडली, मोबाइलची रेंज गेली आणि करण्यासारखे दुसरे काही नसल्याने मी मनाशी हिशेब मांडू लागलो. तो हिशेब पाहुण्यांच्या मंत्राशी जुळेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

वर्गणीवर चालणारे सॉफ्टवेअर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून रतीब आहे. पूर्वी दुकानदार हिशेबाचे सॉफ्टवेअर एकदाच विकत घेई. तबकडी हाती पडली की व्यवहार संपला. आता दरमहा पैसे आणि दरमहा सेवा. दूधवाल्याने पहिल्या दिवशी दूध घातले यात त्याचा धंदा नाही. सहाव्या महिन्यातही त्याच दारात रिकामे भांडे त्याची वाट पाहत असले, तर तो धंदा. शंभर गिऱ्हाइकांतली दरमहा शेकडा ५ गळू लागली, तर वर्षअखेर त्यांतली ५४च उरतात. म्हणजे जवळजवळ निम्मी मेहनत नुसते भोक बुजवण्यात जाते. ‘वाढ’ हा शब्द पाहुण्यांनी अनेकदा उच्चारला, पण गळतीचा उल्लेख त्यांच्या भाषणात एकदाही आला नाही.

आता तो ॲप-बाजार. आमच्या भागातल्या बागायतदाराला तो समजावून द्यायला एक शब्द पुरे आहे, तो म्हणजे अडत. आमच्याकडची सुपारी शिरसी-यल्लापूरच्या अडतीवर जाते. तिथे खरीददार जमलेले असतात, वजनकाटा असतो, पैसे बुडण्याची भीती कमी असते. या सोयीपोटी अडत्या आपले कमिशन कापून घेतो. ॲप-बाजाराचे हेच आहे. अनोळखी माणूस तुमच्या नावावर विश्वास ठेवणार नाही, पण गूगल किंवा ॲपलच्या दुकानावर ठेवतो. पैसे वसूल करणे, परत करणे, परदेशातले कर सांभाळणे ही कटकट दुकान स्वतःकडे घेते. व्यापाऱ्यांसाठीही असे बाजार आहेत. शॉपिफायवर ज्यांनी आपले दुकान थाटले आहे, त्यांना लागणारी जोड-सॉफ्टवेअरे शॉपिफायच्याच बाजारात मिळतात. तिथे येणारा माणूस उगाच हिंडायला आलेला नसतो. त्याला एक ठरावीक अडचण असते आणि ती आजच सोडवायची असते. नवख्याला असे गिऱ्हाईक दुसरीकडे कुठे भेटणार?

तेव्हा अडत नकोच, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कमिशनाच्या दराबद्दलही माझी तक्रार मर्यादित आहे. गूगलने जानेवारी २०२२ पासून वर्गणीवरचे कमिशन पहिल्या दिवसापासून १५ टक्के केले. त्याआधी पहिल्या वर्षी ते ३० टक्के होते. १९९ रुपयांच्या वर्गणीत १५ टक्क्यांनी ३० रुपये जातात. ही रक्कम बोचते खरी, पण जाहिरातीवर तेवढे तर कोणीही घालवतो.

माझी खरी हरकत वेगळीच आहे. अडतीवर सुपारी नेणाऱ्याला ती कोणी घेतली हे कळले नाही तरी चालते, कारण पोते एकदाच विकायचे असते. रतीब घालणाऱ्याला मात्र घर माहीत नसून कसे चालेल? ॲप-बाजारातून वर्गणीदार आला की त्याचे नाव-पत्ता दुकानाच्या वहीत राहतो. आपल्या हाती पडतो तो एक व्यवहार-क्रमांक. त्याने वर्गणी बंद केली तर तीही दुकानाच्याच पानावर. आपल्याला फक्त वर्दी मिळते. का बंद केली, काय खटकले, हे विचारायचे तरी कोणाला?

हे मी केवळ पुस्तकी ज्ञानावर बोलत नाही. आमच्या घरी तीन खोल्यांचे होमस्टे आहे. काळी नदीत राफ्टिंग करायला, जंगल पाहायला येणारे पाहुणे एका ऑनलाइन बुकिंगच्या ठिकाणावरून येत. तीन हंगाम चांगले गेले. चौथ्या हंगामात आमचे नाव त्या यादीत कुठेतरी खाली घसरले, आणि अंगणात गाड्या येईनाशा झाल्या. आई म्हणाली, “मागच्या वर्षीच्या लोकांना फोन तरी कर.” मी वही उघडली. तिच्यात ‘बेंगळूरचे चौघे’, ‘पुण्याचे जोडपे’ अशा नोंदी होत्या. क्रमांक एकही नव्हता.

आमचे सोडा, मोठ्यांची गत पाहा. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स आपल्या प्ले स्टोअरवरून उतरवली. त्यांत मुंबईचे शादी डॉट कॉम होते, भारत मॅट्रिमनी होते, नोकरी होते, मराठीतही पुस्तके ऐकवणारे कुकू एफएम होते. सरकारने मध्यस्थी केली आणि काही दिवसांत ती परत आली. गूगलची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. बाजार राखायला खर्च येतो, आणि तो सर्वांनी उचलावा हे त्यांचे म्हणणे. पण गिऱ्हाइकाने आपल्याच पैशाने पैसे चुकवण्याची कोणती वाट वापरावी, हेही अडत्यानेच ठरवायचे का? याच प्रश्नावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड केला होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो सुमारे २१६ कोटींवर आणला. या कंपन्यांकडे वकील होते, दिल्लीपर्यंत पोहोच होती. जोयड्याच्या पोराचे ॲप उतरले तर कोणता मंत्री बैठक बोलावणार?

याउलट पुण्याच्या कैलास काटकरांचे उदाहरण मला पटते. त्यांची सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून. धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस मारणारे सॉफ्टवेअर लिहिले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते ‘क्विक हील’ नावाने विकले जाऊ लागले, आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. हाही रतीबच, मात्र वर्षाचा. मुदत सरली की नूतनीकरण. ॲपलचा आणि गूगलचा ॲप-बाजार उघडला तो २००८ मध्ये. तोवर यांचा माल गावोगावच्या संगणक विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्यांकडून खपत होता. त्यांनाही कमिशन होतेच. पण संगणक अडला की गिऱ्हाईक ज्याच्याकडे धावते, तोच विक्रेता असल्यावर मुदत संपल्याची आठवण द्यायला ओळखीचे माणूस आपोआप मिळते.

माझे एक प्राध्यापक यावर म्हणाले, “अरे, तू अडत्याला शिव्या देतोस, पण अडत्यावाचून तुला ओळखतो कोण?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. शिरसीच्या बागायतदारांनी १९२३ मध्ये तोटगार्स सेल सोसायटी काढली. त्यांनी अडत मोडली नाही. स्वतःची अडत उभी केली. सॉफ्टवेअरमध्ये असे सहकारी दुकान मला अद्याप दिसलेले नाही. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इंडस ॲपस्टोअर’ उघडले आणि वसुलीची वाट विकणाऱ्याने स्वतः निवडल्यास कमिशन न घेण्याचे जाहीर केले, हे चांगलेच झाले. पण तोही शेवटी दुसरा अडत्याच, बागायतदारांची सोसायटी नव्हे. दोन अडत्ये असले की भाव जरा बरा मिळतो, एवढेच.

तोवर मला सुचतो तो मार्ग असा. बाजारात माल जरूर मांडावा, पण तो नमुना चाखवण्यापुरता. तिथल्या प्रत्येक बऱ्या-वाईट अभिप्रायाला त्याच दिवशी उत्तर द्यावे. गिऱ्हाईक एकदा आत आले की त्याच्या संमतीने त्याचा फोन नंबर आपल्या वहीत उतरवावा, आणि पहिला महिना संपण्याआधी एकदा स्वतः बोलावे. ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीवर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा अनेकांची वर्गणी गिऱ्हाइकाच्या इच्छेशिवायच खंडित झाली. त्या दिवशी ज्याच्यापाशी नंबर होते, तो फोन तरी करू शकला.

मी आणि माझा एक वर्गमित्र सध्या होमस्टेवाल्यांसाठी मराठी-कन्नड नोंदवही तयार करतो आहोत. पाहुण्यांची नावे, आगाऊ रक्कम, जेवणाचा हिशेब, बस एवढेच तिच्यात. ॲप-बाजारात ती टाकली तेव्हा दोन महिन्यांत एकशे अकरा जणांनी उतरवून घेतली, पैसे एकानेही भरले नाहीत. मग मित्राच्या मोटारसायकलवरून आम्ही गणेशगुडी आणि आसपास फिरलो. चौदा घरांनी महिना ९९ रुपयांनी घेतली. त्यांतल्या एका आजींना मोबाइल चालवता येत नाही. त्या नोंदी नातवाकडून करून घेतात आणि पैसे मात्र रोख, आमच्या हातात देतात. गेल्या महिन्यात तिघांनी बंद केली. तिघांचेही नंबर आमच्याजवळ आहेत. दोघांना कन्नड अक्षरे फार बारीक वाटली, तिसऱ्याने खोल्याच भाड्याने दिल्या आहेत. अक्षरे मोठी करण्याचे काम या आठवड्यात माझ्याकडे आहे.