उकिरड्याचे पांग फिटतात, डेपोचे नाही



बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. घरच्या उकिरड्यात शेण, राख, काडीकचरा असतो; त्याचे खतच होणार. शहराच्या कचरा डेपोला ही म्हण लागू नाही. तिथे सेल, बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाइटच्या काचा पडतात. शेण कुजते, शिसे कुजत नाही.

खोपोलीजवळ शिळफाट्यावर आम्ही कर्जत-खालापूरच्या भातवाल्या शेतकऱ्यांबरोबर बसलो होतो. एकाने विचारले, "बंद डेपोची चाळलेली काळी माती फुकट मिळते आहे. खाचरात टाकू का?" हाच प्रश्न उद्या आपल्या कपाशी-ज्वारीच्या रानात येणार, म्हणून त्याचे उत्तर इथे देतो.

औरंगाबादजवळच्या नारेगावात आसपासच्या गावकऱ्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या थांबल्या, ढीग मात्र मागे राहिला. डेपोला कुलूप लागले म्हणून धोका संपत नाही. पाऊस ढिगातून झिरपतो आणि काळे पाणी उताराने विहिरीकडे जाते. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस ते ओढ्याला लावतो. आपल्याकडे पाऊस थोडा; क्षार धुऊन जात नाहीत, रानातच साठतात. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून थेट खाली उतरते. काळी चिकण माती जड धातू धरून ठेवते, त्यामुळे पिकात ते कमी उतरतात हे खरे. पण एकदा आलेले धातू पुढच्या पिढीपर्यंत जमिनीतच राहतात. कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीत तर ते पिकात सहज चढतात.

तेव्हा तपासायचे कसे? आधी गावातल्या जुन्या माणसांना विचारा : डेपोत काय पडत होते, कारखान्याचा, दवाखान्याचा माल येत होता का? मग उतार पाहा. डेपोच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासा. मातीचे नमुने ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर खोलीचे वेगवेगळे घ्या. एक नमुना वरच्या बाजूच्या लांबच्या रानाचा घ्या, म्हणजे तुलना होईल. नमुना लोखंडी खुरप्याने नको, लाकडी पट्टीने घ्या. आणि एवढे पक्के ध्यानात ठेवा : नत्र, स्फुरद, पालाशच्या नेहमीच्या माती परीक्षणात शिसे, कॅडमियम दिसत नाही. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते.

खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या खताला मर्यादा घातली आहे : किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, विद्युतवाहकता ४ पर्यंत. फुकटच्या मातीबरोबर असा अहवाल येत नसेल, तर ट्रॉली वेशीवरूनच परत पाठवा.

मुंबईत गोराईचा डेपो २००७ मध्ये बंद झाला, तेव्हा ढिगाला आकार देऊन त्यावर अस्तर घातले, वायू बाहेर काढायची सोय केली. बंद डेपोवर पंधरा वर्षे देखरेख ठेवावी, हे २००० च्या आणि २०१६ च्याही नियमांत लिहिलेले होते. शहराच्या वस्तीशेजारी जे होऊ शकते, ते गावाच्या शिवाराशेजारी का होत नाही? कचरा ज्याचा, तपासणीचा खर्च त्याचा. प्रयोगशाळेचे बिल नगरपालिकेने भरावे आणि अहवाल ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या तालुक्यातल्या चालू आणि बंद डेपोंची यादी घेऊन या. खालच्या बाजूला कोणाच्या विहिरी आहेत, तेही लिहून आणा. कामाला तिथूनच सुरुवात करू.